धरती आबा

छोटा नागपूर हे नाव प्रथमच ऐकणाऱ्या मराठी माणसास विदर्भातील नागपूरची आठवण झाल्यावाचून राहत नाही. वस्तुतः या दोन नागपुरांचा परस्परांशी संबंध नाही. रांचीलगतचे चुटिया हे एके काळी नागवंशी राजांचे ठाणे होते. त्यावरून चुटिया नागपूर आणि पुढे इंग्रजी कागदपत्रांतून छोटा नागपूर असा या नावाचा प्रवास झाला, असे मानतात. मराठी माणसाचा या पठाराशी पहिला परिचय मात्र फारसा अभिमानास्पद नाही. इ. स. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाले तेव्हा त्यांचे घोडदळ याच डोंगराळ मुलखातून पुढे गेले. त्यानंतर दोन शतकांनी आपण आलो ते पोलादाच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांत नोकरी करण्यासाठी. हातात तलवार नव्हती, नेमणुकीचे पत्र होते. या भूमीने आपणांस घर दिले, मुलांना शाळा दिल्या आणि गेली पन्नास वर्षे आपला गणेशोत्सवही निर्वेधपणे येथे साजरा होऊ दिला.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण आपल्या पूर्वसूरींचे स्मरण करीत आहोत, ते योग्यच आहे. परंतु ज्या मातीवर आपले हे छोटेसे महाराष्ट्र उभे राहिले त्या मातीचे पूर्वसूरी कोण, हेही जाणून घेणे आपले कर्तव्य ठरते. रांचीच्या विमानतळावर उतरताना, चौकातील पुतळ्यापाशी बस थांबताना किंवा कांके येथील कृषी विद्यापीठाच्या फाटकावरून जाताना एक नाव आपण नित्य वाचतो. बिरसा मुंडा हे ते नाव. हा तरुण वयाच्या पंचविशीपूर्वीच रांचीच्या तुरुंगात मरण पावला. त्याच्या मागे ना राज्य होते, ना संपत्ती, ना स्वतःच्या हाताने लिहिलेला ग्रंथ. तरीही आज एका संपूर्ण राज्याचा स्थापनादिन त्याच्या जन्मदिवसाशी जोडलेला आहे. हे कशामुळे घडले, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम मुंडा समाजाची जमिनीविषयीची कल्पना समजून घ्यावी लागते.

मुंडा लोकांनी या पठारावरील घनदाट सालवने तोडून गावे वसविली. ज्या कुळाने प्रथम जंगल साफ करून शेत काढले त्या कुळाचीच ती जमीन, असा त्यांचा प्राचीन दंडक. या पद्धतीस खुंटकट्टी म्हणतात. आपल्याकडील मिरासदाराच्या हक्काशी तिचे थोडेफार साम्य आहे. परंतु मिरासीचा हक्क एका घराण्याचा असे, तर खुंटकट्टी गावातील शेते, पडीक जमीन, जंगल आणि पाणी यांवर त्या संपूर्ण कुळाचा सामाईक हक्क असे. हा हक्क कागदावर कधी लिहिला गेला नाही. गावाबाहेर पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या मोठमोठ्या शिळा, ज्यांना सासनदिरी म्हणतात, हाच त्यांचा दस्तऐवज. ज्यांचे पूर्वज या शिळांखाली विसावले आहेत, गाव त्यांचे, इतका साधा आणि इतका भक्कम तो न्याय होता.

या न्यायाला तडा गेला तो कागदाच्या राज्यात. नागवंशी राजांनी आपल्या दरबारासाठी बाहेरून आणलेल्या लोकांना गावेच्या गावे जहागिरीत दिली. पुढे कंपनी सरकारचा अंमल बसला, सारा रोख पैशात मागितला जाऊ लागला आणि जहागीरदारांच्या पाठोपाठ ठेकेदार व सावकार आले. बाहेरून आलेल्या अशा शोषकास येथील भाषेत दिकू म्हणतात. जमीन कसणारा मुंडा हळूहळू आपल्याच गावात कूळ झाला, मग मजूर झाला. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणे, त्याची पालखी वाहणे, त्याच्या घरच्या कार्याला वर्गणी देणे हे त्याच्या नशिबी आले. आपण ज्याला वेठबिगार म्हणतो त्यालाच येथे बेठबेगारी म्हणत. शब्द जवळपास एकच, दुःखही एकच. इ. स. १८३१-३२ मध्ये या अन्यायाविरुद्ध कोल उठाव झाला आणि तो शस्त्रबळाने मोडण्यात आला. त्यानंतर मुंडांच्या सरदारांनी कायद्याची वाट धरली. अर्ज, विनंत्या, वकील, कलकत्त्याच्या फेऱ्या हे सारे तीन-चार दशके चालले होते. या प्रदीर्घ खटाटोपास सरदारी लढाई असे नाव आहे. तिच्यात पैसा वकिलांच्या पदरी पडला आणि जमीन सावकारांच्या.

इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे या नावाने ते प्रकरण आपल्या इतिहासात प्रसिद्ध आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी पुढे १८८३ मध्ये शेतकऱ्याचा असूड लिहिला, त्याची पार्श्वभूमी हीच. त्याच १८७५ सालच्या नोव्हेंबरची १५ तारीख ही बिरसाची जन्मतारीख म्हणून सर्वमान्य आहे. सुपे आणि छोटा नागपूर यांच्यामध्ये शेकडो कोसांचे अंतर. तेथील शेतकऱ्यास येथील मुंडा ठाऊक नव्हता आणि येथील मुंड्यास तेथील शेतकरी. परंतु रोखे, व्याज, कोर्ट आणि जप्ती यांचे एकच जाते दोन्हीकडे फिरत होते.

बिरसाचा जन्म उलिहातू या गावी झाला. हातू म्हणजे मुंडारी भाषेत गाव. आज हे गाव खुंटी जिल्ह्यात मोडते आणि रांचीहून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. वडिलांचे नाव सुगना मुंडा, आईचे कर्मी. घरी स्वतःची पुरेशी जमीन नसल्याने सुगनाला कामाच्या शोधात गावोगाव बिऱ्हाड हलवावे लागले आणि अखेर हे कुटुंब चलकद येथे स्थिरावले. बिरसाचे बालपण चलकदच्या रानात मेंढ्या राखण्यात गेले. त्याला बासरीचा नाद होता. भोपळ्यापासून बनविलेले तुइला नावाचे एकतारी वाद्यही तो वाजवी. गावाच्या आखड्यात, म्हणजे नाचगाण्याच्या मोकळ्या अंगणात, या मुलाची बासरी सुरू झाली की लोक जमत, अशी आठवण पुढे सांगितली जाई.

घरची गरिबी इतकी की मुलाला पोसण्यासाठी मामाच्या गावी, अयुभातूला धाडावे लागले. तेथून जवळच्या सालगा येथे जयपाल नाग यांच्या शाळेत त्याने अक्षरे गिरविली. मावशीचा त्याच्यावर फार जीव. तिचे लग्न झाल्यावर ती त्याला आपल्या सासरी खटंगा येथे घेऊन गेली. परंतु अभ्यासाच्या नादात जनावरांकडे दुर्लक्ष झाले म्हणून त्याला मार खावा लागला आणि त्याने ते गाव सोडले. पुढे बुर्जू येथील जर्मन मिशनच्या शाळेत त्याने प्राथमिक शिक्षण घेतले आणि तेथून चाईबासाच्या मिशन शाळेत तो दाखल झाला. १८८६ ते १८९० ही चार वर्षे त्याने चाईबासात काढली.

या मिशनविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. जर्मनीतील गॉस्नर मिशनचे पाद्री १८४५ मध्ये रांचीत आले. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालविले, येथील भाषांचा अभ्यास केला. कोर्टकचेरीत गांजलेल्या मुंडांना वाटले की गोऱ्या साहेबाचा धर्म घेतला तर गोऱ्या साहेबाच्या सरकारात आपली दाद लागेल. सुगनाच्या कुटुंबानेही ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि शाळेत बिरसाचे नाव बिरसा दाऊद असे लागले. परंतु सरदारांच्या जमिनीच्या मागणीस मिशनने पाठिंबा दिला नाही, उलट सरदारांना दूषणे दिली, तेव्हा या तरुणाचा भ्रमनिरास झाला. मिशनचा साहेब आणि सरकारचा साहेब यांच्यात अंतर नाही, अशी त्याची समजूत झाली. १८९० च्या सुमारास त्याने चाईबासा सोडले आणि काही काळाने मिशनशी असलेला संबंधही तोडला.

त्यानंतरची काही वर्षे बंदगावात गेली. तेथील जमीनदाराचे मुनशी आनंद पांडे यांच्या सहवासात त्याला वैष्णव संप्रदायाची ओळख झाली. त्याने मांसाहार सोडला, जानवे घातले, तो तुळशीची पूजा करू लागला. पंढरीच्या वारकऱ्याची तुळशीमाळ पाहत वाढलेल्या आपणां मराठी मंडळींना या तपशिलाचे विशेष वाटेल. मात्र बिरसा कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत रमला नाही. मुंडांचा जुना सिंगबोंगा, मिशनमध्ये ऐकलेला एकेश्वर आणि बंदगावची तुळस या तिन्हींचा विचार करीत तो आपली वाट शोधीत होता.

याच सुमारास सरकारने गावोगावच्या पडीक जमिनी आणि रानेही संरक्षित जंगलात सामील करण्यास प्रारंभ केला. शहरात राहणाऱ्या माणसास यातील भीषणता चटकन जाणवत नाही. मुंड्याचे अर्धे अन्न रानातून येई. मोहाची फुले, कंदमुळे, जळण, घराचे वासे, गुरांचा चारा, औषधाची मुळी, सारे रानच देई. दुष्काळात तर तेच एक आधार. ते रान बंद झाले म्हणजे घराचे दुसरे दार बंद झाले. जंगलाचे हक्क परत मिळावेत म्हणून झालेल्या चळवळीत बिरसा सामील झाला. आपल्या लोकांच्या तक्रारी सरकारी अधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा तो त्याचा पहिला अनुभव.

१८९५ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्याच्या जीवनाला निराळे वळण लागले. रानात असताना त्याच्याजवळ वीज कोसळली आणि त्या क्षणी त्याची मुद्रा पालटली, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी त्यानंतर त्याने केलेले काम डोळ्यांसमोर आहे. देवीच्या आणि इतर रोगांच्या साथीत तो गावोगाव फिरून रोग्यांची शुश्रूषा करी. इतर लोक ज्या घराच्या उंबरठ्याशी जाण्यास भीत त्या घरात तो जाई. स्वच्छ राहावे, चोरी व खोटेपणा करू नये, हंडिया पिऊन शुद्ध हरपू नये, भुताखेतांना बळी देत बसू नये, एकच देव मानावा, असा त्याचा उपदेश असे. गाडगेमहाराजांची कीर्तने पुढच्या काळात महाराष्ट्राने ऐकली. त्यांच्या शिकवणुकीतील किती गोष्टी या विशीतल्या आदिवासी तरुणाच्या तोंडी होत्या, हे पाहून आदर दुणावतो.

चलकद हे खेडे बघता बघता तीर्थक्षेत्र बनले. हजारो लोक डोंगर उतरून, नद्या ओलांडून त्याच्या दर्शनास येऊ लागले. मुंडा आले, उराव आले. आजारी मुलांना पाठुंगळीस मारून आया आल्या. लोक त्याला धरती आबा म्हणू लागले. मुंडारीत आबा म्हणजे पिता. हा शब्द मराठी कानाला परका वाटत नाही. आपल्याही घराघरांत एखादे आबा असतातच. विशीतल्या मुलाला वृद्धांनी आबा म्हणावे, यातच त्या समाजाची निराधार अवस्था आणि त्याची आशा दोन्ही दिसून येतात. या आशेला कधी कधी अतिरेकाचे रूपही आले. जगबुडी जवळ आली असून आकाशातून अग्नीचा वर्षाव होणार, अशी वार्ता पसरून कित्येकांनी शेतीची कामे टाकली. भोळ्या भावाच्या या गोष्टी लपविण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कोणी वाली नव्हता त्यांना अचानक वाली लाभला की असेच घडते.

महाराणीचे राज्य संपेल आणि मुंडांचे राज्य येईल, सारा देऊ नये, असे बोल चलकदमधून ऐकू येऊ लागताच सरकार सावध झाले. १८९५ च्या २४ ऑगस्टला, रात्रीच्या वेळी, पोलिसांनी त्याला पकडले. दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि हजारीबागच्या तुरुंगात त्याची रवानगी झाली. तो तुरुंगात असतानाच छोटा नागपूरवर दुष्काळाची छाया पडली. १८९६-९७ चा हा दुष्काळ महाराष्ट्रासही जबर तडाखा देऊन गेला. मुंबई-पुण्यात त्या वेळी प्लेगही होता. १८९७ च्या अखेरीस बिरसाची सुटका झाली. बाहेर येऊन पाहतो तो गावे अधिकच खंगलेली.

तुरुंगातून सुटलेला बिरसा पूर्वीचा केवळ उपदेशक राहिला नव्हता. १८९८ च्या प्रारंभी तो आपल्या अनुयायांसह चुटियाच्या देवळात गेला, पुढे जगन्नाथपूरच्या मंदिरात गेला आणि नवरतनगडच्या जुन्या राजवाड्यालाही त्याने भेट दिली. ही आपल्या पूर्वजांची स्थाने आहेत आणि त्यांच्यावरील आपला हक्क सुटलेला नाही, हे लोकांच्या मनावर ठसविणे हा या यात्रांचा हेतू होता. धुर्वा वसाहतीत राहिलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी जगन्नाथपूरची रथयात्रा वर्षानुवर्षे पाहिली आहे. १६९१ मध्ये बांधलेल्या त्या टेकडीवरील मंदिराच्या पायऱ्या एकदा बिरसानेही चढल्या होत्या, याची त्यांतील फार थोड्यांना कल्पना असेल.

पुढील दोन वर्षे डोंगरमाथ्यांवर, विशेषतः डोंबारीच्या टेकडीवर, रात्रीच्या सभा होत राहिल्या. आपापल्या गावात परतलेले शिष्य तीरकमठ्यांची तयारी करू लागले. बिरसाच्या कृपेने गोऱ्यांच्या बंदुकीतील गोळ्यांचे पाणी होईल, असा अनेकांचा विश्वास होता. या उठावास मुंडारीत उलगुलान म्हणतात. सारे काही ढवळून काढणारी मोठी खळबळ, असा त्या शब्दाचा भाव आहे.

१८९९ च्या डिसेंबरची २४ तारीख, नाताळची पूर्वसंध्या, हा मुहूर्त ठरला. त्या रात्री सिंहभूमच्या चक्रधरपूरपासून रांचीपर्यंत ठिकठिकाणी चर्चवर आणि मिशनच्या घरांवर बाण सुटले, आगी लागल्या. सरवदा येथील मिशनवरही हल्ला झाला. फादर हॉफमन नावाचे जेझुइट पाद्री तेथे काम करीत असत. या हल्ल्यांत जे सापडले त्यांत मिशनमधील स्थानिक ख्रिस्ती, म्हणजे मुंडांचेच भाऊबंदही होते, हे सांगितल्याशिवाय हे चरित्र प्रामाणिक होणार नाही. बिरसाचा खरा रोख राजवट आणि जमीनदार यांच्यावर होता आणि जानेवारी उजाडताच उठावाने तो रोख स्पष्टपणे धरला. एटकेडीह येथे गया मुंडा या त्याच्या साथीदाराला पकडण्यास पोलीस गेले असता दोन शिपाई मारले गेले. दुसऱ्या दिवशी खुद्द डेप्युटी कमिशनर स्ट्रीटफील्ड तेथे पोहोचले तेव्हा गयाची पत्नी माकी आणि घरातील मुलीबाळी कुऱ्हाडी-काठ्या घेऊन लढल्या. ७ जानेवारीस खुंटीच्या ठाण्यावर मुंडांचा मोठा जमाव चालून गेला.

यानंतर सैन्य आले. ९ जानेवारी १९०० रोजी डोंबारीजवळील सैल रकब या टेकडीवर जमलेल्या मुंडांना सैनिकांनी घेरले. शरण येण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. एका बाजूला बाण आणि दगड, दुसऱ्या बाजूला बंदुका. गोळ्यांचे पाणी झाले नाही. मृतांत स्त्रिया होत्या, मुलेही होती. सरकारी कागदातील आकडा लहान आहे आणि लोकस्मृतीतील आकडा शेकड्यांत आहे. टेकडीवर आज स्मारकस्तंभ उभा असून दरवर्षी ९ जानेवारीस तेथे लोक जमतात.

बिरसा त्या दिवशी हाती लागला नाही. त्याला पकडून देणाऱ्यास पाचशे रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. अर्धपोटी राहणाऱ्या गावकऱ्यांच्या दृष्टीने पाचशे रुपये म्हणजे केवढी रक्कम, हे निराळे सांगावयास नको. सैन्याने गावे धुंडाळली, धान्य आणि गुरे जप्त झाली, लोक रानोमाळ झाले. अखेर ३ फेब्रुवारी १९०० रोजी दक्षिणेकडील चक्रधरपूरच्या बाजूच्या जंगलात तो झोपेत असताना आसपासच्या खेड्यांतील काही माणसांनीच त्याला पकडले आणि सरकारच्या स्वाधीन केले. फितुरीचे दुःख मराठी इतिहासालाही अपरिचित नाही. त्यामुळे या प्रसंगी कोणाला दोष देण्यापेक्षा भुकेची ताकद केवढी असते, हेच आपण ध्यानात घ्यावे.

रांचीच्या तुरुंगात शेकडो मुंडा कैद्यांबरोबर त्याला ठेवण्यात आले. खटले महिनोन्‌महिने रेंगाळले. कलकत्त्याचे बॅरिस्टर जेकब यांनी मुंडांची बाजू मांडली आणि चौकशीविना माणसे कोंडून ठेवल्याबद्दल कलकत्त्याच्या वृत्तपत्रांतून टीका झाली. परंतु बिरसाचा खटला पूर्ण झालाच नाही. ९ जून १९०० रोजी सकाळी तुरुंगातच त्याचा अंत झाला. मृत्यूचे कारण पटकी असे सरकारी दप्तरात लिहिले गेले. त्याला विष घातले गेले, असे लोक त्या वेळीही म्हणत होते आणि आजही म्हणतात. त्याचा देह गावी नेऊ देण्यात आला नाही. कोकर येथील डिस्टिलरीजवळच्या ओढ्याकाठी घाईघाईने अंत्यसंस्कार उरकण्यात आला. ज्या समाजात पूर्वजांच्या अस्थींवरील शिळा हाच जमिनीचा दाखला, त्या समाजाच्या या पुत्राला आपल्या गावच्या सासनदिरीखाली जागा मिळाली नाही. एकोणिसावे शतक संपण्यास तेव्हा सहा-सात महिने उरले होते आणि बिरसाचे वय होते चोवीस वर्षे आणि जेमतेम सात महिने.

उठाव फसला असे म्हणून इतिहासाचे पान उलटता आले असते. पण या मृत्यूने सरकारला जे करण्यास भाग पाडले ते त्या मुंडा सरदारांच्या अनेक वर्षांच्या अर्जांनी साधले नव्हते. १९०२ पासून गावोगाव जमिनीची मोजणी सुरू झाली आणि प्रत्येकाच्या हक्काची नोंद होऊ लागली. न्यायासाठी लोकांना दूर जावे लागू नये म्हणून १९०५ मध्ये खुंटी हा स्वतंत्र उपविभाग करण्यात आला. आणि १९०८ च्या नोव्हेंबरात छोटा नागपूर टेनन्सी ॲक्ट अमलात आला. या कायद्याने मुंडांची खुंटकट्टी मान्य केली, बेठबेगारीस बंदी घातली आणि आदिवासीची जमीन बाहेरच्या माणसाकडे जाण्यावर निर्बंध घातले. विशेष म्हणजे हा कायदा घडविण्यात ज्यांच्या अभ्यासाचे मोठे साहाय्य झाले त्यांपैकी एक ते सरवद्याचे फादर हॉफमन होते. ज्या मिशनवर उलगुलानचे बाण सुटले त्याच मिशनच्या या पाद्र्याने मुंडांची बाजू समजावून घेतली, ती सरकारला समजावून दिली आणि पुढे आयुष्यभराच्या परिश्रमाने मुंडारी भाषेचा व संस्कृतीचा विश्वकोशच रचला. इतिहासात शत्रू आणि मित्र यांची वाटणी वाटते तितकी सोपी नसते.

१९०८ हे साल आपल्या दृष्टीने आणखी एका कारणाने लक्षणीय आहे. त्याच वर्षी साकचीच्या माळावर टाटांच्या पोलाद कारखान्याचे काम सुरू झाले. एका बाजूला आदिवासीची जमीन राखण्याचा कायदा आणि दुसऱ्या बाजूला जमीन मागणारे नवे युग, दोन्ही एकाच वर्षी या भूमीवर अवतरली. स्वातंत्र्यानंतर रांचीजवळ हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन आली, बोकारोचा कारखाना आला, धरणे आली, खाणी वाढल्या. देशाला त्यांची गरज होती, यात संशय नाही आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घामाने ते कारखाने चालले, याचा आपणांस रास्त अभिमान आहे. परंतु आपल्या वसाहतींच्या सरळ रस्त्यांखाली कोणाची तरी शेते होती, कोणाच्या तरी सासनदिरी होत्या. आपण कोणाची जमीन लुबाडली नाही, हे खरेच. तथापि दिकू या शब्दात आपणही कधी ना कधी मोजले गेलो असू, याचीही जाणीव ठेवावी. कोल्हापूर-साताऱ्याकडे धरणासाठी उठलेल्या गावांचे हाल ज्यांनी आपल्या आप्तांत पाहिले असतील त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

तो कायदा आजही जिवंत आहे. २०१६ साली झारखंड विधानसभेने त्यात बदल सुचविणारे विधेयक संमत केले तेव्हा आदिवासी समाजातून एवढा विरोध उसळला की पुढील वर्षी तत्कालीन राज्यपाल श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी ते पुनर्विचारार्थ परत पाठविले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मरण पावलेल्या तरुणाचे नाव त्या आंदोलनात खेडोपाडी घेतले जात होते.

बिरसाचे देशाने विविध प्रकारे स्मरण केले आहे. इतिहासकार कुमार सुरेश सिंह यांनी त्याच्या चळवळीचा सखोल अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. महाश्वेता देवींना बिरसाच्या जीवनावरील अरण्येर अधिकार या बंगाली कादंबरीसाठी १९७९ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्याचे चित्र लागले. १५ नोव्हेंबर २००० रोजी झारखंड राज्य अस्तित्वात आले आणि २०२१ पासून हा दिवस जनजातीय गौरव दिवस म्हणून देशभर पाळला जातो. ज्या तुरुंगात त्याने शेवटचा श्वास घेतला तेथे आता संग्रहालय आहे.

पुतळे आणि तिकिटे यांच्याही पलीकडचे एक स्मरण आपल्या हाती आहे. आपल्या मुलांना आपण शिवनेरी, रायगड, सिंहगड यांच्या कथा सांगतो आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. त्यांच्याच जोडीला उलिहातू, चलकद आणि डोंबारी ही नावेही त्यांच्या कानांवर पडावीत. ही मुले येथेच जन्मली, याच मातीत खेळली. कोकरच्या समाधीपाशी वर्षातून एकदा तरी त्यांना घेऊन जावे आणि तेथे हात जोडताना हा माणूस कोणासाठी मेला ते त्यांना सांगावे. परमुलखात पाहुणा म्हणून राहिलेल्याने यजमानाच्या घरातील थोरांना नमस्कार करावा, ही आपल्या घरची रीत आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी छोटा नागपूरच्या या धरती आबाला मंडळातील आपणां सर्वांचा विनम्र नमस्कार.